दाखला वेळापत्रकाचा मागा

हिमालयातल्या ट्रेकचे पैसे भरले की दोन-चार दिवसांत मेलवर एक फॉर्म येतो. रक्तदाब किती, नाडी किती, दमा आहे का, हृदयाचं काही आहे का, आणि तळाशी डॉक्टरांचा सही-शिक्का. तो घेऊन आपण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर ओळखीचे असतात. ते दंडाला पट्टा गुंडाळतात, "यंदा कुठे?" असं विचारतात, त्यांना स्वतःला किती वर्षांपासून जायचंय ते सांगतात आणि शिक्का उमटवतात. पाच मिनिटांत आपण साडेचार हजार मीटरसाठी 'फिट' ठरतो. दवाखाना मात्र पुण्यात, म्हणजे साडेपाचशे मीटरवर. डोंबिवलीत असेल तर खाडीच्याच पातळीला.

या कागदाला मी सरसकट नावं ठेवत नाही. चालताना ज्याच्या छातीत दुखतं, ज्याचा रक्तदाब औषधानंही आटोक्यात येत नाही, त्याला अडवायला तो उपयोगी पडतो. पण विरळ हवेचा त्रास कुणाला होणार आणि कुणाला नाही, हे पुण्यातल्या रक्तदाबावरून किंवा ईसीजीवरून सांगता येत नाही. मॅरेथॉन धावणारा पोरगा तंबूत आडवा पडतो आणि पोट सुटलेले काका डुलत डुलत खिंड ओलांडतात, हे चार ट्रेक केलेल्या कुणीही पाहिलेलं असतं. आधी एवढ्याच उंचीवर त्रास झाला होता का, हा एक प्रश्न त्यातल्या त्यात कामाचा. मी आजवर भरलेल्या निम्म्या फॉर्मांवर तो नव्हताच.

त्रास कुणाला होणार हे आधी कळत नसलं तरी तो कशानं होतो हे चांगलं कळलेलं आहे. झोपण्याची उंची भराभर वाढवली की होतो. हे गणित ट्रेकच्या वेळापत्रकात असतं, आणि वेळापत्रक आपण बनवत नाही, ट्रेक विकणारा बनवतो. म्हणून माझं म्हणणं असं, की ट्रेकरच्या दाखल्याआधी वेळापत्रकाचा दाखला मागितला पाहिजे. कोणत्या रात्री किती मीटरवर झोपणार, थांबण्याचा दिवस कोणता, हवामान बिघडलं तर हातात एखादा राखीव दिवस आहे का, आणि एखाद्याला खाली न्यायचं झालं तर सोबत कोण जाणार. विकणाऱ्यानं हे छापावं, परवाना देणाऱ्यानं ते तपासावं.

यातलं शास्त्र फार अवघड नाही. वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटतं असं आपण म्हणतो, ते तितकंसं बरोबर नाही. खाली जे २१ टक्के असतं तेच एव्हरेस्टच्या माथ्यावरही असतं. घटतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे एका श्वासाला मिळणारा ऑक्सिजनही निम्माच. शरीर पहिला उपाय करतं तो श्वास वाढवण्याचा. पण जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होऊ लागतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री तंबूत शेजाऱ्याचा श्वास मधेच थांबतो आणि मग धाप लागल्यासारखा एकदम सुरू होतो, तो याच ओढाताणीमुळे. (पहिल्यांदा ऐकताना घाबरगुंडी उडते. मी एकदा मित्राला हलवून उठवलं होतं.) ही कोंडी सोडवतात मूत्रपिंडं. रक्तातलं बायकार्बोनेट ती लघवीवाटे टाकत राहतात, आणि या कामाला काही दिवस लागतात. उंचीच्या त्रासावर घेतात ती डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर सुरू करून देते म्हणून ती उपयोगाची. पण दिवसांचं काम ती तासांत उरकत नाही. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. तुम्ही दर रविवारी सिंहगड चढता की वर्षातून एकदा पर्वती, याच्याशी मूत्रपिंडांना काही देणंघेणं नसतं.

सह्याद्रीवर पोसलेल्या आपल्यासारख्यांना हेच पचत नाही. कात्रज ते सिंहगड एका रात्रीत मारलाय, अलंग-मदन-कुलंग झालंय, हरिहरच्या पायऱ्या तर झोपेत चढू, असा आपला हिशेब असतो. पाय तयार होतात, दम वाढतो, एक्स्पोजरची, म्हणजे बाजूच्या उघड्या दरीची, भीती जाते, हे सगळं खरं. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई, १,६४६ मीटर. मनाली गाव २,०५० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या राज्याच्या डोक्यावर उभं राहिलं तरी आपण मनालीच्या बाजारपेठेच्या चारशे मीटर खाली असतो. विरळ हवेची सवय लावायला महाराष्ट्रात जागाच नाही. उलट तयार पायांचा एक तोटा आहे. ते माणसाला वेगानं वर नेतात, आणि थंडीत दामटून चढणं हे फुफ्फुसांत पाणी व्हायच्या कारणांपैकी एक आहे.

मग किती दिवस द्यावेत? हे विचारायला कुठे लांब जायला नको. आपल्या लष्करानं ते रक्त सांडून शिकून ठेवलंय. १९६२ च्या युद्धात मैदानातल्या तुकड्या घाईघाईनं हिमालयात चढवल्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षांत आजारी जवानांना तपासता तपासता लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याचा सविस्तर अभ्यास केला. १,९२५ जवानांच्या नोंदींवरचा त्यांचा शोधनिबंध १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि पर्वतीय वैद्यकाच्या जगात आजही तो मूलभूत मानला जातो. लष्कराचा आजचा नियम तीन टप्प्यांचा आहे. २,७०० ते ३,६०० मीटरपर्यंत सहा दिवस. तिथून ४,५०० पर्यंत जायचं तर आणखी चार. त्याच्या वर जायचं तर आणखी चार. पहिल्या सहांतले पहिले दोन दिवस तर नुसती विश्रांती. जवानानं बराकीच्या आसपास फिरायचं, बस्स. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर थोडं चालणं, पाचव्या-सहाव्या दिवशी थोडा चढ.

ज्याची निवडच धडधाकट म्हणून झाली, त्या बावीस वर्षांच्या जवानाला देश चौदा दिवस देतो. दिवसाचे दहा तास खुर्चीत बसणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला आपण तीन देतो. तुलना पुरती न्याय्य नाही, हे मान्य. जवानाला तिथे महिनोन्महिने राहायचं असतं, ओझं आणि शस्त्र वाहायचं असतं. ट्रेकर खिंड ओलांडून पलीकडे उतरतो. डॉक्टर सामान्य ट्रेकरला जो नियम सांगतात तो याहून बराच सैल आहे: पहिल्याच दिवशी २,७५० मीटरच्या वर झोपू नये, ३,००० मीटरच्या पुढे झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या.

हा सैल नियम घेऊन आपली लोकप्रिय वेळापत्रकं तपासली तरी काय दिसतं? माझाच हिशेब मांडतो. २०१६ च्या जूनमध्ये आम्ही तिघं मित्र हिमाचलातल्या हम्पता पास या खिंडीच्या ट्रेकला गेलो. शुक्रवारी संध्याकाळच्या विमानानं चंदीगड, रातोरात व्होल्वोनं मनाली, सकाळी पराठे खाऊन त्याच दिवशी जोबरा आणि तिथून चालत चिका. म्हणजे शुक्रवारी दुपारी समुद्रसपाटीला असलेला माणूस शनिवारी रात्री सुमारे ३,१०० मीटरवर झोपला. मधली रात्र बसमध्ये, मान अवघडलेली. दुसरी रात्र बालू का घेरा, सुमारे ३,६०० मीटर. तिसऱ्या दिवशी ४,२७० मीटरची खिंड, आणि पलीकडे शिया गोरूला मुक्काम, तोही ३,९०० च्या आसपास.

कागदावर पाहिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच्या उड्या नियमात जवळपास बसतात. चुकते ती पहिली. मनालीत एक रात्र काढली असती तरी पुष्कळ फरक पडला असता. ती का काढली नाही? कारण सोमवार ते शुक्रवार रजा आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार, एवढ्यातच सगळं कोंबायचं होतं, आणि उरलेला एक दिवस आम्ही परतीच्या खरेदीला ठेवला होता.

बालू का घेऱ्याला संध्याकाळी मेस टेंटमध्ये ट्रेक लीडर बोटाला ऑक्सिमीटर लावत एकेकाला विचारत होता. पोरगा असेल चोवीस-पंचवीसचा. "सर, डोकं दुखतंय?" माझं दुपारपासून ठणकत होतं. मी म्हणालो, "नाही रे. झोप झाली नाही एवढंच." रात्री उलटी झाली ती मी तंबूच्या मागे बर्फ उकरून पुरली, आणि सकाळी न जेवण्याचं खापर राजम्यावर फोडलं. खिंडीवर फोटो काढले. पलीकडचा उतार भयानक तीव्र आहे. तिथे माझा पाय दोनदा चुकीच्या जागी पडला आणि दोन्ही वेळा मागच्यानं रकसॅकला धरून मला थांबवलं. छत्रूला उतरल्यावर डोकं आपसूक उतरलं. पुढची दोन वर्षं मी ही गोष्ट जिगर म्हणून सांगत होतो.

मी खोटं का बोललो, याचा विचार नंतर केला. मरायची हौस नव्हती. खरं बोललो असतो तर पुढे काय होईल ते मला माहीत होतं. एक माणूस मला घेऊन खाली गेला असता, बाकीचे पुढे गेले असते, आणि भरलेले पैसे बुडाले असते. जोबऱ्याहून मनालीपर्यंतची गाडी स्वखर्चानं, हे नियमावलीत ठळक अक्षरांत होतं. मित्रांनी वर्षभर चिडवलं असतं ते वेगळंच. 'इथेच एक दिवस थांबू, बरं वाटलं तर उद्या जाऊ' हा सगळ्यांत शहाणा पर्याय त्या वेळापत्रकात नव्हताच. कारण आमच्या तंबूंत दुसऱ्या दिवशी दुपारी पुढची बॅच येणार होती.

मला वाटतं, दुखण्याचं मूळ इथे आहे. भारतातले बहुतेक लोकप्रिय ट्रेक कायम उभारलेल्या तंबूंच्या साखळीवर चालतात. रोज एक बॅच सुटते, कालची बॅच पुढच्या कॅम्पवर सरकते, आजची तिच्या जागी येते. मुंबईच्या लोकलसारखं: एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. या पद्धतीनं हिमालय स्वस्त केला, हे विसरून चालणार नाही. युथ हॉस्टेलच्या राष्ट्रीय ट्रेकवर पहिल्यांदा बर्फ पाहिलेली मराठी पिढीच्या पिढी आहे आणि मी तिच्यातलाच आहे. पण या साखळीत थांबणं ही सोय उरत नाही, तो अडथळा होतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर चित्र वेगळं दिसतं. तिथे गावं आहेत, लॉज आहेत. जास्तीची रात्र म्हणजे एका खोलीचं भाडं आणि दोन वेळचं डाळभात. नामचेला (३,४४० मीटर) एक दिवस थांबायचं आणि दिंगबोचेला (४,४१० मीटर) आणखी एक, हे लॉजवाल्यापासून पोर्टरपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र १९७३ पासून चालू आहे, आणि सीझनमध्ये तिथले डॉक्टर दुपारी ट्रेकरांना जमवून या दुखण्याबद्दल बोलतात. एवढं करून तिथेही माणसं आजारी पडतात, मरतात. पण तिथे 'आज मी थांबतो' म्हणणारा माणूस कुणाचं वेळापत्रक मोडत नाही.

ट्रेक न करणाऱ्यांनी हे आपल्याला लागू नाही असं समजू नये. लडाखच्या सहा दिवसांच्या सहली पाहा. विमान थेट लेहला उतरवतं, ३,५०० मीटरवर. तिथे दोन रात्री शांत पडून राहावं, हे आता बहुतेक टूरवाले पाळतात. पुढे? तिसरी रात्र नुब्रात, जे लेहहून खाली आहे, ३,१०० च्या आसपास. चौथी थेट पँगाँगच्या काठी, सुमारे ४,२५०. एका दिवसात झोपण्याची उंची अकराशे मीटरनं वर. निळंशार पाणी, ताऱ्यांनी भरलेलं आभाळ, आणि तंबूत आजी रात्रभर बसून. "दमट हवा नाही ना, म्हणून घसा कोरडा पडतो," असं कुणीतरी समजूत घालत असतं.

हे दुखणं साधं असतं तोवर डोकेदुखी, मळमळ, जेवण नको, झोप नाही, एवढंच असतं, आणि आणखी वर न जाता एक-दोन दिवस थांबलं तर बहुतेकांचं निवळतं. तसंच चढत राहिलं तर मेंदूला सूज येऊ शकते, लष्करी डॉक्टर जिला हाको म्हणतात. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगितलं तर जमत नाही. दुसरा प्रकार हापो, फुफ्फुसांत पाणी होणं. हा बऱ्याचदा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या रात्री किंवा त्यानंतर गाठतो, आणि आधी डोकं दुखलंच पाहिजे असं नाही. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे गुलाबी फेस. ऑक्सिजनची नळकांडी, औषधं, हवा भरायची दाबाची पिशवी, या सगळ्यानं मिळतो तो वेळ. खरा उपचार म्हणजे माणसाला खाली नेणं, लगेच, रात्र असली तरी. आता तीन-चार दिवस चालत गाठलेल्या कॅम्पवरून एका माणसाला रात्री खाली न्यायचं तर किमान चार-सहा माणसं लागतात. पंचवीसच्या बॅचमागे लीडर, एक-दोन गाइड, स्वयंपाकी आणि खेचरवाला. कोण नेणार, आणि उरलेल्यांकडे कोण बघणार?

सह्याद्रीत कुणी दरीत पडलं तर लोणावळ्यापासून महाबळेश्वरपर्यंत पोरं दोर घेऊन धावतात, फुकट, मध्यरात्री, भर पावसात. त्या भरवशाची आपल्याला इतकी सवय झालीय की वर तसं कुणी नाही हे ध्यानातच येत नाही.

राखीव दिवसाचा मुद्दा फक्त विरळ हवेपुरता नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याचे अवशेष दोन दिवसांत नेपाळवर पोचले. अन्नपूर्णा परिक्रमेवरच्या थोरोंग ला या ५,४१६ मीटरच्या खिंडीत ऐन सीझनमध्ये हिमवादळ आलं. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. वादळाची खबर किनाऱ्यावर सगळ्यांना होती, खिंडीखालच्या लॉजमध्ये नव्हती. जे खाली थांबले ते वाचले. खिंडीवरच्या चहाच्या टपरीत आसरा घेतलेले काही जण तिथून पांढऱ्या अंधारात खाली निघाले, त्यांच्यातल्या अनेकांना वाट सापडली नाही. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडातल्या सहस्र तालच्या वाटेवर २२ जणांचा चमू हिमवादळात अडकला, बहुतेक कर्नाटकातले. नऊ जण मृत्युमुखी पडले. लोकसभेच्या निकालाच्या धामधुमीत ती बातमी आपल्याकडे खालच्या पट्टीत सरकत होती. अशा प्रत्येक घटनेनंतर चर्चा होते ती जॅकेटांची, गाइडच्या अनुभवाची, परवान्याच्या कागदाची. तीही व्हावी. पण हवामानाचा अंदाज कितीही चांगला असला तरी तो वापरता येतो फक्त त्याला, ज्याच्या हातात एक जादा दिवस आहे. ज्याची परतीची गाडी ठरलेली आहे, त्याला अंदाज कळून उपयोग काय?

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा आणि रजेचा. दिवस वाढवले तर ट्रेक महागेल, लोक शेजारच्या स्वस्त दुकानात जातील. महागेल, खरं आहे. पण एका दिवसाचा वाढीव खर्च चांगल्या ट्रेकिंग शूजच्या जोडीइतकाही नसतो, आणि शूजबद्दल आपण तीन महिने चर्चा करतो. स्वस्त दुकानाची भीती मात्र खरी आहे, आणि म्हणूनच हे एकेका कंपनीच्या सदसद्विवेकावर सोडून चालत नाही. चार कंपन्या सात दिवसांत तोच ट्रेक नेतात आणि पाचवी पाचात नेते. गिऱ्हाईक पाचवीकडे जातं, पुढच्या वर्षी बाकीच्या चारही पाचावर येतात. तळरेषा सगळ्यांना सारखी आखून दिली तरच प्रामाणिक माणूस धंद्यात टिकतो.

दुसरा आक्षेप माझ्या आवडीचा आहे, कारण मी स्वतः तो वर्षानुवर्षं केलाय. डोंगर ही मोकळी जागा आहे, तिथे सरकारला आणू नका. ज्याचा जीव त्याची जबाबदारी. स्वतःचा तंबू पाठीवर घेऊन, स्वतः वाट काढत जाणाऱ्याला मी आजही हे म्हणेन. त्याला हवं तर तो थांबतो, हवं तर मागे फिरतो. पण पैसे मोजून पंचविसांच्या बॅचमध्ये जाणाऱ्याला हे स्वातंत्र्य असतंच कुठे? तंबू दुसऱ्याचा, शिधा दुसऱ्याचा, वाट फक्त गाइडला माहीत. बसच्या प्रवाशाला आपण 'ब्रेक तुझी जबाबदारी' असं सांगत नाही. शिवाय जीव एकट्याचा नसतो. वाचवायला जाणारा पोर्टर कित्येकदा गिऱ्हाइकापेक्षा पातळ जॅकेटात असतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार: नियम केले की कागद वाढतात, माणसं वाचत नाहीत. आपल्या देशात हे हसण्यावारी नेता येणार नाही. म्हणूनच मला नवीन फॉर्म नको आहे. परवान्याची चौकी आजही आहेच. गोमुखाला रोज १५० जणांनाच सोडतात. २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडाच्या वाटेवरचे बेदिनीसारखे वर्षानुवर्षांचे कॅम्प बंद झाले. काही वाटांवर चौकीत रकसॅक उघडून प्लास्टिकची पाकिटं मोजतात आणि परत आणायच्या बोलीवर अनामत घेतात. गवताची आणि हिमनदीची काळजी आपण घेतो, हे चांगलंच आहे. मग त्याच चौकीवर त्याच रजिस्टरात आणखी एक रकाना आखायला काय हरकत आहे: कोणती रात्र, किती मीटर. हा रकाना भरायला डॉक्टर लागत नाही, बेरीज-वजाबाकी लागते. तीन हजार मीटरच्या पुढे एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत पाचशेपेक्षा मोठी उडी दिसली, किंवा खिंडीआधी राखीव दिवस दिसला नाही, तर बॅच चौकीपाशीच थांबवायची.

आणि चौकीपर्यंत तरी कशाला जायचं? विक्री आपल्याकडे होते. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, संयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी अशी व्यवस्था केली. हिमालयातली वाट या सरकारच्या हद्दीत येत नाही. पण पुण्यात, ठाण्यात, नाशकात बसून जो ट्रेक विकला जातो, त्याच्या जाहिरातीत रात्रींची उंची छापा, आजारी माणसाला खाली आणण्याचा खर्च किमतीत धरा, एवढं सांगायला हिमालय हद्दीत असावा लागत नाही. आपण दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश छापून घेतो.

माणसाला तपासायचंच असेल तर योग्य जागी तपासा. कैलास-मानसरोवरच्या लिपुलेख मार्गावर, दिल्लीत सगळ्या चाचण्या पास झालेल्या यात्रेकरूंना गुंजीला पोचल्यावर भारत-तिबेट सीमा पोलिसांचे डॉक्टर पुन्हा तपासतात आणि ज्याचं शरीर उंचीला साथ देत नाही त्याला तिथून परत पाठवतात. वर्षानुवर्षं वाट पाहिलेला, नंबर लागलेला माणूस गुंजीहून मागे फिरतो. रडतो. पण त्याच्यावर कुणी हसत नाही, कारण फिरवणारा नियम असतो, त्याचा स्वतःचा कमकुवतपणा नसतो.

मला नियम हवा आहे तो या कारणासाठीसुद्धा. मागे फिरायची आपल्याला लाज वाटते, आणि मराठी माणसाला जरा जास्तच. कोंढाण्यावर सूर्याजीनं दोर कापल्याची गोष्ट ऐकत आपण वाढलो. ट्रेकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी कुरकुर केली की 'दोर कापलेत मावळ्या, आता माघार नाही' असा मेसेज ठरलेला. पण ते दोर शत्रू समोर असताना, गड घ्यायचा असताना कापले होते. डोंगर आपला शत्रू नाही आणि खिंड घेऊन कुणाला द्यायचीही नाही. ज्या राजाचा तो गड होता, त्यानं १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले होते. त्यात कोंढाणाही होता. वेळ आल्यावर परत घेतला. हे ग्रुपवर कुणी टाकत नाही.

गेल्या महिन्यात भाचीला कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर हिमाचलात जायचं होतं. तिच्यासाठी मी एका ट्रेकवाल्यांना फोन केला आणि विचारलं, तिसऱ्या रात्रीचा मुक्काम किती मीटरवर आहे? पलीकडची मुलगी गोड बोलत होती. तिनं मला होल्डवर ठेवलं, बासरी वाजली, मग ती परत आली. "सर, तेवढं लीडरला तिथे गेल्यावर विचारावं लागेल. पण सर्टिफिकेट प्रत्येकीला मिळेल, आणि ताईंचा मेडिकलचा फॉर्म तेवढा दोन दिवसांत पाठवा."